पॅनलसमोर बसून मी काय विचारू?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मूळची मराठवाड्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता एका संशोधन संस्थेत ग्राफ थिअरीत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचं गणित, त्यात अटी पाळून बिंदूंना रंगही देतात) पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला. यंदा जर्मनीतल्या हायडलबर्ग लॉरिएट फोरमसाठी तिची निवड झाली आहे. जगभरातले साधारण दोनशे तरुण गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ तिथे आठवडाभर आबेल, फील्ड्स, ट्युरिंग अशा या विषयांतल्या सर्वोच्च पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या सहवासात राहतात. व्याख्यानांची तिला भीती नाही. भीती आहे ती एका सत्राची. त्यात कायदा, समाजशास्त्र, वैद्यक, संगणक अशा वेगवेगळ्या क्षेत्रांतले तज्ज्ञ एका मंचावर बसून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज यावर बोलणार आहेत आणि तरुणांनी त्यांना प्रश्न विचारायचे आहेत.

तिचे गाइड म्हणतात, ‘तो वेळ एखाद्या मोठ्या गणितज्ञाला गाठण्यात घालव, असल्या चर्चांतून हाती काही लागत नाही.’ शेजारच्या लॅबमधला संगणकवाला मित्र म्हणतो, ‘शुद्ध गणितवाल्यांनी यात बोलण्यासारखं काही नसतं.’ ती स्वतः लिहिते, ‘मी ग्राफ रंगवत बसते. मला ना कायदा कळतो, ना समाजशास्त्र. माझं इंग्रजीही बेताचं. गावी मावशीचा रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही, एवढाच काय तो माझा या विषयाशी संबंध.’ त्यात भर म्हणजे विभागप्रमुखांनी तिला डिसेंबरमध्ये संस्थेतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी असंच एक पॅनल घडवून आणायला सांगितलं आहे. तिचे प्रश्न तीन: सत्राला बसावं का, बसले तर काय विचारावं, आणि डिसेंबरचं काय करावं?

*

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि मग थोडी रुखरुख लागली. (वयाच्या हक्कानं ‘तू’ म्हणते आहे.) एवढं मोठं पत्र लिहिलंस, पण निवड तुझ्या कुठल्या कामावर झाली याबद्दल त्यात एक ओळही नाही. आपल्याला काय येत नाही त्याची यादी मात्र तपशीलवार आहे. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी मला पटलेल्या नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते. सत्राला बस, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बस. ज्येष्ठ गणितज्ञांना भेटायला तुझ्याकडे अख्खा आठवडा आहे. जेवणाच्या टेबलावर, कॉफीच्या रांगेत, सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर ते भेटतात आणि बोलतात. त्यासाठीच त्यांना बोलावलेलं असतं. मात्र वेगवेगळ्या विषयांची माणसं एकाच प्रश्नाभोवती बसलेली आणि त्यांना विचारायची मुभा तुला आहे, असा योग तुझ्या पीएच.डी.च्या काळात क्वचितच येईल.

हे संमेलन कुठून आलं तेही जाणून घे. नोबेल विजेते आणि तरुण वैज्ञानिक यांच्या भेटी जर्मनीतल्याच लिंडाऊ इथे १९५१ पासून होतात. गणित आणि संगणकशास्त्राला नोबेल नाही, त्यामुळे या दोन विषयांतली मुलं त्या वर्तुळाबाहेर राहायची. क्लाउस चिरा हे शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ आणि ‘सॅप’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या पुढाकारानं २०१३ मध्ये हायडलबर्गचा फोरम सुरू झाला. गणित आणि संगणक हे दोन विषय तिथे मुद्दाम एकत्र आणलेले आहेत, आणि त्या दोघांनी बाहेरच्या जगाशी बोलावं म्हणून हे पॅनलचं सत्र. तेव्हा तुला तिथे चुकून कुणी बसवलेलं नाही. श्रोत्यांमध्ये निम्मे लोक गणितवाले असणार, हे धरूनच ते आखलेलं आहे.

आता तुझ्या मनातल्या सगळ्यात मोठ्या समजुतीकडे येते. तुला वाटतं की समाजाविषयीच्या चर्चेत बोलायला आधी समाजशास्त्र यावं लागतं. एक खरी हकिगत सांगते, जरा लांबण लागेल, पण वाच.

अमेरिकेत काही ठिकाणी आरोपीला जामिनावर सोडावं का, तो पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज देणारी ‘कॉम्पास’ नावाची संगणकप्रणाली वापरतात. ती माणसाला १ ते १० असा धोक्याचा गुण देते. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या पत्रकारांच्या संस्थेनं फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या सात हजारांहून अधिक आरोपींच्या नोंदी तपासल्या. पुढच्या दोन वर्षांत ज्यांच्यावर नवा गुन्हा नोंदला गेला नाही, अशा लोकांपैकी किती जणांवर प्रणालीनं ‘जास्त धोका’ असा शिक्का मारला होता? कृष्णवर्णीयांत सुमारे ४५ टक्के, गोऱ्यांत सुमारे २३ टक्के. पत्रकार म्हणाले, ही प्रणाली पक्षपाती आहे. प्रणाली बनवणारी कंपनी म्हणाली, मुळीच नाही. एकच गुण मिळालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या आरोपींत पुन्हा गुन्हा नोंदला जाण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आहे, मग पक्षपात कुठे?

गंमत अशी की दोघांचेही आकडे बरोबर होते. त्याच वर्षी संगणकशास्त्रातले जॉन क्लाइनबर्ग व मनीष राघवन आणि अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी एक प्रमेय मांडलं. दोन गटांत पुन्हा गुन्हा नोंदला जाण्याचं मूळ प्रमाणच वेगळं असेल, तर न्याय्यतेच्या या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत. अपवाद फक्त अगदी टोकाच्या परिस्थितीचा, म्हणजे अंदाज कधीच चुकत नसेल तर. अलेक्झांड्रा चुल्डेचोव्हा यांनीही स्वतंत्रपणे जवळपास हेच दाखवलं.

वही घे आणि करून बघ. पहिल्या गटात १०० माणसं, त्यातली ५० पुन्हा पकडली जाणार. दुसऱ्या गटात १०० माणसं, त्यातली २०. दोन्ही गटांत प्रणाली पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांपैकी ८० टक्के जणांना हेरते आणि शिक्का बसलेल्यांपैकी दोन तृतीयांश खरोखरच पुन्हा पकडले जातात. दोन्ही मापं दोन्ही गटांना सारखी, म्हणजे दिसायला न्याय पुरा झाला. पहिल्या गटात ४० जण बरोबर हेरले गेले, म्हणजे शिक्के ६०, त्यातले २० चुकीचे. निर्दोष राहणारे होते ५०, तेव्हा त्यांच्यातल्या ४० टक्के लोकांवर नाहक शिक्का. दुसऱ्या गटात १६ बरोबर, शिक्के २४, चुकीचे ८. निर्दोष राहणारे ८०, नाहक शिक्का १० टक्क्यांवर. प्रणालीत कुणी खोडी केलेली नाही. हे अपूर्णांकांचं गणित आहे, सातवीच्या पोराला समजेल असं.

या भांडणात काय हवं होतं? दोन्ही बाजू ‘न्याय्य’ म्हणत होत्या आणि दोघींच्या मनातली व्याख्या वेगळी होती. ‘तुमची व्याख्या नेमकी कोणती? आणि या दोन व्याख्या एकत्र नांदू शकतात का?’ असं कुणीतरी विचारायला हवं होतं. तू सेमिनारमध्ये दर आठवड्याला हेच विचारतेस. क्लाइनबर्ग यांना २००६ मध्ये संगणकशास्त्राच्या गणिती बाजूसाठीचा नेवानलिना पुरस्कार मिळालेला आहे, म्हणजे तू ज्यांना ऐकायला चालली आहेस त्याच मांदियाळीतला हा माणूस. तरीही हे काम त्यांनी एकट्यानं केलं नाही, सोबत अर्थशास्त्रज्ञ होता.

गोष्टीचा दुसरा अर्धा भागही ऐक, कारण शुद्ध गणितवाले बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यावर समाधान मानून उठतात. माझ्या वरच्या उदाहरणात मी बिनदिक्कत लिहिलं, ‘पुन्हा पकडली जाणार’. समाजशास्त्रज्ञ इथेच हात वर करेल. नोंदीत आहे ती अटक. गुन्हा आणि अटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त तिथे अटक जास्त, मग मूळ प्रमाण ५० आणि २० असं वेगळं दिसतं आणि माझं प्रमेय त्या आकड्यांवर ऐटीत उभं राहतं. वकील आणखी वेगळं विचारेल: शिक्का बसलेल्या माणसाला तो कसा बसला हे विचारण्याचा हक्क आहे का? गणित सांगतं की दोन्ही हव्या असलेल्या गोष्टी मिळणार नाहीत. त्यातली कुठली सोडायची हे गणित सांगत नाही. ते ठरवायला बाकीचे लोक लागतात, म्हणून ते मंचावर असतात.

आता तुझ्या मावशीकडे येऊ. पत्रात तू ती ओळ जाता जाता लिहिलीस, माझी नजर मात्र तिथेच अडली.

रेशन दुकानात ई-पॉस मशिन आहे. मावशींचं आयुष्य शेतात आणि मजुरीत गेलेलं असणार. बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा लागत नाही. दुसऱ्या कुणाचा अंगठा, मोबाइलवर ओटीपी असे पर्याय असले तरी ते वापरायला घरात दुसरं कुणीतरी असावं लागतं, चालू फोन असावा लागतो. आता समज, मंचावर कुणी म्हणालं की अमुक प्रणाली ९५ टक्के वेळा बरोबर चालते. ऐकायला चांगलं वाटतं. उरलेल्या पाच टक्क्यांत कोण, हे तू विचारू शकतेस, आणि ते गणिताच्या भाषेत विचारू शकतेस. चूक दर महिन्याला चिठ्ठी टाकल्यासारखी कुणाच्याही वाट्याला येत असेल, तर एखाद्याला सलग तीन महिने नकार मिळण्याची शक्यता एक विसांशचा घन, म्हणजे आठ हजारांत एक. पण चूक बोटांच्या रेषांशी बांधलेली असेल, तर शंभरातली तीच पाच माणसं दर महिन्याला परत जातात. सरासरी दोन्हीकडे तीच, पाच टक्के. पहिल्या परिस्थितीत थोडी गैरसोय आहे, दुसऱ्या परिस्थितीत पाच कुटुंबांचं धान्य आहे. फरक एवढाच की घटना स्वतंत्र आहेत हे गृहीत धरलं की नाही.

हा तुझा प्रश्न. ‘तुम्ही सांगता ती चुकीची टक्केवारी व्यवहारांची आहे की माणसांची? आणि एकाच माणसाच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे कुणी तपासलं आहे का?’ तिथल्या कायदेतज्ज्ञाला, डॉक्टरला, संगणकवाल्याला, तिघांनाही या प्रश्नावर थांबून विचार करावा लागेल. आजारांचं निदान करणारी यंत्रणा, कर्ज नाकारणारी यंत्रणा, चेहरा ओळखणारी यंत्रणा, सगळीकडे तो तसाच लागू पडतो. आणि या प्रश्नामागे तू उभी आहेस, तुझी मावशी उभी आहे, त्यामुळे तो कुणाचा ऐकून विचारलेला वाटणार नाही.

तुझ्या मित्राचं म्हणणं मी लवकर बाजूला ठेवते. ग्राफ रंगवण्याचा समाजाशी काय संबंध, असं त्याला वाटत असेल तर त्याला इचलकरंजीचे सुभाष खोत सांग. २००२ मध्ये त्यांनी ‘युनिक गेम्स’ हे अनुमान मांडलं. अटी पाळून रंग देण्याच्या एका विशिष्ट प्रकारात अचूक उत्तर सोडच, जवळपासचं उत्तर शोधणंही अवघड असतं, असा त्याचा गाभा. त्याच कामाचा माग काढताना एक प्रश्न पुढे आला: मतमोजणीत काही मतं चुकून उलटी धरली गेली तरी निकाल टिकून राहील, अशी सगळ्यात भरवशाची पद्धत कोणती? कुणा एका मतदाराचा प्रभाव फार मोठा नसेल अशा पद्धतींमध्ये साधं बहुमत सगळ्यात स्थिर ठरतं, हे २००५ मध्ये इतर गणितज्ञांनी सिद्ध केलं. खोतांना २०१४ मध्ये नेवानलिना पुरस्कार मिळाला. लोकशाहीबद्दलचं इतकं नेमकं विधान रंगांच्या गणितातून निघालं, एवढं पुरे.

गाइडचं म्हणणं मात्र मी इतक्या सहज बाजूला ठेवणार नाही, तूही ठेवू नकोस. त्यांची काळजी तीन प्रकारची असू शकते आणि तिन्हींत तथ्य आहे.

एक, वेळ. चौथं वर्ष आहे, सिनॉप्सिस जवळ आलं आहे. अर्ध्या दिवसाच्या सत्रानं काही बिघडत नाही, पण परत आल्यावर ‘मला आता न्याय्यतेवर काम करायचं आहे’ असं म्हणत थिसिस अर्धवट सोडलास तर नक्की बिघडेल. तेव्हा जाण्याआधी हातातलं प्रकरण लिहून सरांच्या टेबलावर ठेव. परवानगी मागायची ही सर्वांत चांगली रीत आहे.

दोन, अशा चर्चा पोकळ होतात. होतातच. चार मोठी माणसं दहा-दहा मिनिटं आपापलं बोलतात, कुणी कुणाला खोडत नाही, शेवटी ‘सर्वांनी मिळून काम केलं पाहिजे’ म्हणतात आणि चहा येतो. पोकळ चर्चा ओळखायची माझी खूण सांगते: एका तज्ज्ञाच्या बोलण्यामुळे दुसऱ्याला आपलं वाक्य बदलावं लागलं का? एकदाही नाही, तर ते पॅनल नव्हतं, चार छोटी भाषणं होती. पण ऐकणाऱ्यातून आलेला एक नेमका प्रश्न पुष्कळदा हेच काम करतो.

तीन, आणि ही काळजी मला सगळ्यात मोलाची वाटते: आपल्या विषयाबाहेर गेलेला माणूस घसरतो. रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातलं संख्याशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव म्हटलं तरी चालेल. १९५७-५८ च्या सुमारास धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो याचे पुरावे साचत होते, तेव्हा फिशर ठामपणे त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांचं म्हणणं, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी एकच आनुवंशिक कारण असू शकतं. तर्क म्हणून ते अशक्य नव्हतं. त्याच काळात ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. त्यांना उत्तर आलं १९५९ मध्ये, जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांकडून. धूम्रपान करणाऱ्यांत हा कर्करोग नऊपट दिसतो ना? मग तंबाखू निरुपद्रवी असून सगळा दोष त्या छुप्या कारणाचा असेल, तर ते कारण धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवं. असं कुठलं कारण आहे, दाखवा. दोन ओळींची असमानता, आणि वादाचा तोल फिरला. कॉर्नफील्ड यांची पदवी होती इतिहासाची. संख्याशास्त्र ते नोकरीत शिकले, आणि डॉक्टरांबरोबर बसून आकड्यांवर काम करत आले.

तिथे तुला मोठमोठ्या पुरस्कारांचे मानकरी भेटतील. त्यांच्या प्रमेयांपुढे नतमस्तक हो, पण समाजाविषयीच्या त्यांच्या मतांना तोच पुरस्कार आपोआप लागू होतो असं समजू नकोस. स्वतःलाही हीच कसोटी लाव. प्रश्न विचारताना आपण कुठल्या बाजूनं बोलतो आहोत हे स्पष्ट ठेवलं की घसरायची भीती कमी होते: ‘मी गणिताची आहे, आजारांबद्दल मला माहीत नाही, मला विचारायचं आहे ते या गृहीतकाबद्दल.’

सरांशी बोलताना दामोदर कोसंबींचा विषय निघण्याची शक्यता आहे. विषयांतर करणाऱ्या गणितज्ञाचं उदाहरण म्हणून आपल्याकडे हटकून त्यांचंच नाव घेतलं जातं. गोव्यात कोसबें इथे १९०७ मध्ये जन्म, पुढे फर्ग्युसन महाविद्यालय, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. जुन्या नाण्यांची वजनं घेऊन, चलनात राहून नाणं किती झिजतं याचा संख्याशास्त्रीय हिशेब करून त्यांनी नाण्यांच्या ढिगाऱ्यांतून इतिहास वाचला. जनुकांचे नकाशे काढताना ‘कोसंबी फलन’ आजही वापरतात. दुसरीकडे, १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाबद्दलचा (मूळ संख्यांविषयीचा गणितातला प्रसिद्ध, न सुटलेला प्रश्न) दावा त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तो गणितज्ञांना मान्य झाला नाही आणि त्यांच्या नावाला त्याची झळ लागली. लोक यातून ‘भटकू नये’ असा अर्थ काढतात. मला उलटं दिसतं. नाण्यांपाशी आणि जनुकांपाशी भटकल्याचं त्यांनी सोनं केलं. घात झाला तो गणिताचाच दावा गणिताच्या कडक परीक्षकांपुढे न नेल्यामुळे. तुझी प्रमेयं तुझ्या सरांच्या आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांच्या हाताखालून जात आहेत तोवर तू अर्धा दिवस वकिलांसोबत बसलीस तर काळजीचं कारण नाही.

आणि ज्या गावी चालली आहेस तिथेही असा एक माणूस होता, हे मराठी मुलीला माहीत असावं म्हणून सांगते. हायडलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारे गुंथर सोन्थायमर. अभ्यासाची सुरुवात कायद्यापासून, हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा हा विषय. तिथून ते धनगरांकडे वळले, त्यांच्याबरोबर वाड्यांवर राहिले, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ मध्ये ते गेले. आपल्या लोकदैवतांवर गंभीरपणे काम करणाऱ्या कुणालाही त्यांना ओलांडून जाता येत नाही.

आता इंग्रजीचं. इथे मी तुला धीर देत बसणार नाही, तिथे जगभरातून मुलं येतात आणि बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, हे तुला पोचल्या दिवशीच दिसेल. मी एवढंच करायला सांगेन: प्रश्न आधी मराठीत लिही. दोन वाक्यांत बसत नसेल तर तो अजून तयार झालेला नाही. मराठीत बसला की इंग्रजीत कर, मोठ्यानं वाच, कागद हातात ठेव आणि कागदावरून वाचून विचार. वाचून विचारण्यात कमीपणा नाही. उलट लांबण लागत नाही म्हणून सूत्रसंचालक खूश होतात. प्रस्तावना नको, ‘मला फार आवडलं’ नको, एका वेळी एकच प्रश्न. कुणा एकाला उद्देशून विचार, नाहीतर चौघंही दुसऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून वाट बघतात. वेळ संपल्यामुळे माइक आलाच नाही, तर सत्र संपल्यावर मंचाजवळ जाऊन त्याच माणसाला विचार. तिथे मिळणारी उत्तरं पुष्कळदा जास्त खरी असतात, कारण ऐकायला सभागृह नसतं.

जाण्याआधी पॅनलवरच्या प्रत्येकाचं एक तरी लेखन वाच, सोपं मिळालं तर सोपं. आणि मावशींना फोन कर. अंगठा लागला नाही की दुकानदार नेमकं काय करतो, त्या महिन्याचं धान्य पुढे मिळतं की बुडतं, नकाराची नोंद कुठे राहते का, हे विचार. प्रश्न विचारल्यावर उलट प्रश्न येईल, तेव्हा तुला ‘मी ऐकलंय’ म्हणण्याऐवजी ‘असं होतं’ म्हणता आलं पाहिजे.

राहिला डिसेंबर. विभागप्रमुखांनी हे काम विद्यार्थिनीवर सोपवलं याचा मला आनंदच आहे, कारण अशी पॅनलं प्राध्यापक ठरवतात तेव्हा बहुधा प्राध्यापकच बोलावतात. तू विषयाचं नाव ठेवू नकोस, प्रश्न ठेव. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता: संधी आणि आव्हाने’ असा फलक लागला की काय बोललं जाणार ते फलकावरूनच कळतं. त्याऐवजी ‘यंत्रानं नाही म्हटलं तर दाद कुणाकडे मागायची?’ असा एक प्रश्न धर आणि तो ज्यांच्या कामात रोज येतो अशी माणसं शोध. संख्याशास्त्रातलं एक, अशी प्रणाली प्रत्यक्ष बनवणारं एक, कायद्यातलं एक, आणि चौथी खुर्ची पुरवठा विभागात किंवा सरकारी दवाखान्यात टेबलापलीकडे बसून रोज हे निस्तरणाऱ्या माणसाची. ही चौथी खुर्ची भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अशा माणसांना व्याख्यानाची सवय नसते, वरिष्ठांची परवानगी लागते. म्हणून सुरुवात तिथून कर, ऑक्टोबरमध्येच.

पाहुण्यांना भाषण मागू नकोस. दोन आठवडे आधी प्रत्येकाला तीच एक छोटी घटना लिहून पाठव, समज एका बाईंना तीन महिने धान्य नाकारलं गेलं, आणि प्रत्येकाकडून दोनच गोष्टी माग: तुमच्या विषयातून पाहिलं तर इथे नेमकं काय चुकलं, आणि हे समजून घ्यायला तुम्हाला बाकीच्या तिघांकडून कोणती माहिती लागेल? दुसरा प्रश्न आपल्या पाहुण्यांना सहसा कुणी विचारत नाही. त्याची उत्तरं हातात आली की सत्राचा निम्मा आराखडा तयार झाला, कारण कुणी कुणाला काय विचारायचं ते तुला आधीच कळलेलं असतं.

सूत्रसंचालन ज्येष्ठांकडे न देता एखाद्या पोस्टडॉककडे (नुकत्याच पीएच.डी. झालेल्या संशोधकाकडे) दे, पण त्याला मध्ये थांबवण्याचा अधिकार आहे हे पाहुण्यांना आधी कळव. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा, हा नियम ठेव, नाहीतर पुढच्या रांगेतले सर उठून पंधरा मिनिटं बोलतात आणि मग मुलं गप्प होतात. लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेव, मराठी-हिंदी-इंग्रजी कुठल्याही भाषेत चालेल असं लिहून. चौथ्या खुर्चीवरच्या माणसाला मराठीतच बोलू दे. बाकीच्यांना समजावून सांगायला कुणीतरी शेजारी बसव. मानधन आणि प्रवासखर्च चौघांना सारखा असावा, हे विभागप्रमुखांकडून आधीच लिहून घे. आणि दोन तासच मिळणार असतील तर चार माणसं बोलावू नकोस, दोनच बोलाव, म्हणजे त्यांना एकमेकांशी बोलायला वेळ उरेल.